दोडक्याच्या दिवशीचे श्लोक

मारतहळ्ळीत आमच्या समोरच्या दारी राहणारे अण्णा मूळचे बेळगावकडचे. रविवारी मी त्यांच्याकडे जेवते आणि जेवणाआधीच्या त्यांच्या श्लोकपठणाचे शास्त्रीय निरीक्षण करते. पठणाची लांबी पानातल्या पदार्थावर ठरते, असा माझा निष्कर्ष आहे. पुरणपोळी असली की देव एका श्लोकात प्रसन्न होतो. दोडका असला की त्याची आळवणी संपत नाही. मध्येच कोणी बोलले, तर अण्णा पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. त्यामुळे त्या घरात सगळे उपाशी आणि शिस्तबद्ध असतात.

गेल्या रविवारी दोडका होता. अण्णांच्या बायको, म्हणजे काकू, इन्सुलिनचे इंजेक्शन टोचून पानावर बसल्या होत्या आणि अण्णा डोळे मिटून आळवत होते. काकूंच्या कपाळावर घाम फुटला, हात थरथरू लागले. तरीही श्लोक संपल्याशिवाय त्या घास घेईनात.

"अण्णा, काकूंना आधी काहीतरी गोड द्या!" मी म्हणाले.

आता पुन्हा पहिल्यापासून, म्हणून त्यांच्या सुनेने कपाळाला हात लावला. अण्णांनी मात्र डोळे उघडले, काकूंकडे पाहिले आणि नैवेद्याच्या वाटीतला शिरा उचलून त्यांच्या तोंडाशी धरला.

"अहो, देवाचा आहे तो!"

"त्याची शुगर लो होत नाही. तो स्वल्प थांबेल. तू तोंड उघड."

थरथर थांबल्यावर काकू म्हणाल्या, "आता म्हणा पहिल्यापासून."

अण्णांनी मुकाट्याने हात जोडले. त्यांनी सगळे श्लोक म्हटले, पण या वेळी डोळे उघडे होते आणि नजर देवाकडे नव्हती.