मखरातला कालवा

"गणपतीला थेट इजिप्तला नेलंत, वहिनी?" तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष माझ्याच हॉलमध्ये, माझ्याच हातचा मोदक खात हसत म्हणाले होते. दुबई सोडून इतकी वर्षं झाली, पण ते हसणं आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आम्ही दुबईच्या देरा भागात राहायचो. मी जवळच एका शिपिंग ऑफिसात होते. लेक सातवीत. मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत द्यायची, आणि गणपती म्हणजे पाहुणे आणि टीव्ही बंद, एवढंच तिच्या लेखी. त्या वर्षी मात्र ती आपणहून म्हणाली, "आई, कॅन आय डू द मखर?" विषय कुठला हेही न विचारता मी हो म्हटलं. पोरगी बाप्पाजवळ येतेय, मला आणखी काय हवं होतं!

शाळेत त्यांना प्राचीन इजिप्त होतं. सुएझच्या कितीतरी आधी तिथल्या राजांनी नाईलपासून तांबड्या समुद्राकडे कालवा खणला होता, म्हणे. वाळवंटातून मालाच्या होड्या जायच्या. तो सारखा गाळाने बुजायचा, मग एखादा राजा पुन्हा उपसून घ्यायचा. हे ती मला भाजी चिरताना सांगायची. आमच्या ऑफिसात तरी दुसरं काय चालायचं? माल इथून तिथे कसा जाईल, हेच. मी रंगून ऐकायचे.

तिने पीव्हीसी पाइप उभा चिरून वाळूत कालवा केला आणि त्याला फिश टँकचा पंप लावला. छोटी होडी मिरीचे दाणे घेऊन निघायची ती थेट बाप्पाच्या पायाशी. होडी पोचली की पोरगी स्वतःच टाळ्या वाजवायची.

मंडळाची माणसं घरोघरी फिरून सजावटीला नंबर द्यायची. अध्यक्षांनी हात जोडले आणि मूठभर अक्षता, फुलं, दूर्वा सरळ कालव्यात सोडल्या. वाहतं पाणी दिसलं की आपल्या माणसाचा हात थांबतो होय! पंप घुरघुरला आणि बंद पडला. होडी मध्येच अडली. वर हेच म्हणतात, "हे तर चालतही नाही. त्यापेक्षा एखादा किल्ला करायचा. मुलांना आपली संस्कृती नको का कळायला?"

मी म्हटलं, "भाऊ, ती मिरी आपल्याच किनाऱ्यावरून तिकडे जात होती. आणि कालवा तुम्ही बुजवलात."

ते नुसते हसले. चहा नको म्हणाले आणि पुढच्या घरी गेले. लेक चमचा घेऊन अक्षता उपसत बसली. होडी पुन्हा चालू झाली, पण टाळ्या काही वाजल्या नाहीत.

पुढच्या वर्षी मखराचं विचारलं, तर म्हणाली, टेस्ट्स आहेत. मी खाडीपलीकडच्या बर दुबई भागातून थर्माकोलचं तयार देऊळ आणलं, सोनेरी खांबांचं. अध्यक्ष आले, अक्षता वाहिल्या, मान डोलावली. पहिला नंबर आम्हाला!

बक्षिसाचा स्टीलचा डबा घेऊन मी घरी आले. लेकीने पुस्तकातून मान वर केली.

"काँग्रॅट्स, आई," म्हणाली, आणि पुन्हा वाचायला लागली.