एका गाडीची जागा

सोलापुरात भवानी पेठेत गुरुसिद्धप्पा मेस्त्रींचं घर विचारलं तर लोक घराची खूण सांगत नाहीत. ‘तीन म्हाताऱ्या गाड्या उभ्या हायत बघा, तितंच,’ म्हणतात. घर त्या गाड्यांच्या मागे आहे. आत जायचं तर अ‍ॅम्बेसेडर आणि भिंत यांच्या मधल्या फटीतून अंग चोरून जावं लागतं, आणि पाहुणा खात्यापित्या घरचा असला तर गाडी पुढे ढकलून त्याला वाट करून द्यावी लागते. मेस्त्रींच्या मुलीला, पूनमला, बघायला आलेल्या मंडळींवर ही वेळ आली होती. सोयरीक तरीही जुळली, हा त्या मंडळींचा मोठेपणा.

गुरुसिद्धप्पांनी उभा जन्म दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करण्यात घालवला. साठी उलटल्यावर त्यांनी गॅरेज बंद केलं, पण हत्यारं कुणाला दिली नाहीत आणि पत्र्याच्या शेडमधल्या तीन गाड्याही हलवल्या नाहीत. हौशी श्रीमंत जुन्या गाड्या जमवतात तसलं हे प्रकरण नव्हे. अ‍ॅम्बेसेडर एक गिऱ्हाईक दुरुस्तीला सोडून गेलं आणि न्यायला आलंच नाही. पुढे त्याच्या मुलाने कागदांवर सह्या करून ‘तुम्हीच सांभाळा’ म्हणून हात जोडले. स्टँडर्ड हेराल्ड एका वयस्कर डॉक्टरांची. ती भंगारात निघाली होती, मेस्त्रींनी भंगारवाल्याच्या दारातून परत फिरवून आणली. तिसरी फिकट निळी पद्मिनी मात्र त्यांची स्वतःची. घाम गाळून घेतलेली पहिली आणि शेवटची गाडी.

पद्मिनी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. दर रविवारी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून ते तिला बाहेर काढत, बायकोला, नीलम्मांना, शेजारी बसवत आणि तळ्याकडून होटगी रोडपर्यंत एक चक्कर मारून आणत. बाकीच्या दोघींच्या वाट्याला त्या दिवशी नुसतं फडकं येई. सवतीमत्सर गाड्यांना नसतो म्हणून बरं.

आता नीलम्मांचं सांगायला हवं. नवऱ्याचं गॅरेज बंद झालं आणि त्यांचा धंदा सुरू झाला. शेजारच्या अनवरीला जोडीला घेऊन त्यांनी कडक भाकरी विकायला घेतली. पातळ थापलेली, आचेवर सावकाश वाळवलेली, महिनाभर ठेवली तरी कुरकुरीत राहणारी ही भाकरी सोलापुरात घरोघरी होते, पण नीलम्मांच्या हाताला काही वेगळीच चव होती. आधी गल्लीने मागितली, मग पुण्याच्या दुकानांनी. बायका वाढल्या, चुली वाढल्या, जागा मात्र होती तेवढीच राहिली. एक बाई जिन्यात बसून थापायची, दुसरी न्हाणीच्या दाराशी, आणि अनवरी शेंगाचटणीचं पातेलं मांडीत घेऊन अ‍ॅम्बेसेडरच्या चाकाला टेकून बसायची.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी गुरुसिद्धप्पा बाहेर आले तर पद्मिनीच्या बॉनेटवर धुतलेलं लुगडं अंथरलेलं, आणि त्यावर ओळीने भाकऱ्या गार होत होत्या. त्यांचं डोकं फिरलं. ते बरंच काही बोलले. नीलम्मांनी सगळं ऐकून घेतलं, भाकऱ्या उचलल्या, लुगड्याची घडी केली आणि मग म्हणाल्या, “तीन गाड्यांना हितं जागा हाय. मला एका गाडीची जागा द्या. कुठली काढायची ते तुमी ठरवा, मी नाव घेणार न्हाय. पण संक्रांतीच्या आत.”

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. भोगीला बाजरीची तीळ लावलेली भाकरी लागते, आणि यंदा तिची मागणी एवढी आली होती की जिन्यात बसून ती पुरी होणं शक्य नव्हतं. जागा झाली नाही तर मागणी परत करावी लागणार होती, शिवाय नव्याने यायला लागलेल्या दोन बायकांना ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणून सांगावं लागणार होतं. त्यांतली एक नवऱ्याने टाकलेली होती. हे सांगणं नीलम्मांच्या जिवावर आलं होतं. आणि एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याकडे आपण होऊन काही मागितल्याचं गुरुसिद्धप्पांना आठवेना. ते हो म्हणाले.

कुठली काढायची हा प्रश्न त्यांना मुळी पडलाच नाही. हेराल्ड. ती उन्हाळ्यात तापायची आणि हिवाळ्यात उठायची नाही. दरवाजा एकच उघडायचा, तोही बाहेरून. तिच्यासाठी घरात कुणी रडणार नव्हतं. पूनमने पुण्यातून मोबाईलवर जाहिरात टाकली आणि गिऱ्हाइकं यायला लागली.

आली तशी गेलीसुद्धा. कारण मेस्त्रींनी जन्मात कधी गिऱ्हाइकापासून गाडीचं दुखणं लपवलं नव्हतं, आणि ते आताच काय लपवणार? माणूस दारात आला की ते त्याला चहा द्यायचे आणि हेराल्डचं बॉनेट उघडून सुरुवात करायचे. एप्रिलमध्ये ही भर रस्त्यात थांबते, मग इंजिनातल्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं ठेवून झाडाखाली वाट बघावी लागते. थंडीत उतारावर लावावी, ढकलायला बरी पडते. पावसात ब्रेकवर विसंबू नये. तिसऱ्या गिअरमध्ये टाकताना जरा थांबावं, तिला आवडत नाही. ऐकता ऐकता माणसाचा चहा गार व्हायचा. ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून जो तो उठायचा, आणि मेस्त्री त्याला कोपऱ्यापर्यंत पोचवायला जायचे. परत येताना त्यांची चाल जरा हलकी असायची, हे नीलम्मांनी हेरलं होतं.

एकजण मात्र डगमगला नाही. हायवेवर त्याचं नवं हॉटेल होतं. त्याला हेराल्ड गेटाशी चौथऱ्यावर चढवायची होती, आत रंगीत दिवे सोडून. इंजिन नको होतं, ते मेस्त्रींनीच ठेवून घ्यावं म्हणाला. त्याला दुखणी सांगण्यात अर्थच नव्हता. मेलेल्याला कसलं दुखणं? गुरुसिद्धप्पांनी त्याला दुसरा चहा दिला, आपल्या बापाच्या वयाचा असल्यासारखा मान दिला, आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं.

त्या संध्याकाळी नीलम्मा पुण्याला पाठवायच्या भाकऱ्या निवडत बसल्या होत्या. अख्ख्या भाकऱ्या एका बाजूला, काठ तुटलेल्या, तडा गेलेल्या दुसऱ्या बाजूला. गुरुसिद्धप्पा समोर येऊन बसले आणि आपणहून हॉटेलवाल्याची गोष्ट सांगू लागले. नीलम्मांचा हात थांबला नाही.

“म्हंजे ती अजून बी गेली न्हाय,” त्या म्हणाल्या. “भोगी तोंडावर आली.”

“मी काय मुद्दाम करतोय व्हय? कुणी घेत न्हाय तिला.”

“कशी घेतील? तुमी लोकांना फुटकी भाकरी दाखवताय.” त्यांनी एक तडकलेली भाकरी उचलून त्यांच्यासमोर धरली. “ही मी गिऱ्हाइकाला देती का? ही घरात ऱ्हाती. आमटीत चुरून आपुन खातो, आपल्याला गोड लागती. जी अख्खी हाय ती बाहेर जाती. तुमचं सगळं उलटं चाललंय.”

एवढंच बोलून त्या पुन्हा कामाला लागल्या. कुठल्या गाडीचं नाव त्यांनी घेतलं नाही. घेतलं असतं तर गुरुसिद्धप्पा भांडले तरी असते. पण नाव न घेता बोललेलं माणसाला आतून पोखरत राहतं. ते उठले आणि शेडमध्ये जाऊन पद्मिनीत बसले. सीटचं रेक्झिन त्यांनीच शिवून घेतलेलं. घड्याळाचा काटासुद्धा चालू. तिच्यात मोडकं असं काहीच नव्हतं, तोच तर वांधा होता. हेराल्डला या गावात त्यांच्यावाचून कुणी हात लावला नसता. अ‍ॅम्बेसेडरचं स्टिअरिंग कुठे ओढ खातं ते त्यांच्या मनगटालाच ठाऊक. त्या दोघी दुसऱ्याच्या दारात उभ्या केल्या तर सहा महिन्यांत त्यांचं कोंबड्यांचं खुराडं झालं असतं. कुठेही नांदेल अशी एकच होती. गुरुसिद्धप्पांना फार वाईट वाटलं, आणि बायकोचा राग आला, आणि ती बरोबर आहे म्हणून जास्तच आला.

सकाळी त्यांनी पूनमला फोन करून जाहिरात बदलायला सांगितली. पूनमने विचारलं, “आप्पा, नक्की का?” ते म्हणाले, “व्हय. लवकर टाक, माझा काय भरवसा न्हाय.”

पद्मिनी बघायला दीक्षा आली. अकलूजला एका डेअरीत ती हिशेब बघायची. मामाच्या पद्मिनीवर गाडी शिकलेली, त्यामुळे स्टिअरिंगशेजारचा गिअर तिच्या हाताला नवा नव्हता. रोज कामावर जायला आणि आईला फिरवायला तिला ही गाडी हवी होती. मेस्त्रींनी तिची जी उलटतपासणी घेतली ती पूनमच्या सासरच्यांचीही घेतली नव्हती. गाडी सावलीत राहील का, धुणार कोण, शेजारची पोरं बॉनेटवर चढणारी आहेत का, मामा अजून हयात आहे का. पोरगी शांतपणे उत्तरं देत राहिली. शेवटी तिनेच विचारलं, “काका, हिचं काही दुखणं असेल तर आधीच सांगून ठेवा.”

गुरुसिद्धप्पांनी तोंड उघडलं. आणि त्यांना सांगायला काही सापडेना. त्यांनी बॉनेट उघडून आत बघितलं आणि पुन्हा लावलं.

“दुखणं काय न्हाय हिला,” ते म्हणाले.

कागदपत्रं झाली. भोगीच्या आधीच्या रविवारी दीक्षा गाडी न्यायला आली. नीलम्मांनी बॉनेटला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला. गुरुसिद्धप्पांनी खिडकीत वाकून दीक्षाला बजावलं की मोहोळ असो, वेळापूर असो, कुठेही गाडी थांबली तर लाजायचं नाही, फोन करायचा. ते निघून येतील. नुसतं बोलून ते राहिले नाहीत. गाडी कोपऱ्यावरून वळताच त्यांनी हत्यारांची पिशवी स्कूटरला अडकवली, टाकीत पेट्रोल भरून आणलं आणि फोन हातात धरून पायरीवर बसले. जेवायला हाक मारली तर म्हणाले, भरल्या पोटी स्कूटर चालवली की झोप येते.

तोवर मागे बायकांनी जागा झाडून घेतली. चुली मांडल्या. जिन्यातली बाई खाली आली, न्हाणीजवळची आत आली, आणि त्या दोन नव्या बायका भिंतीला पाठ लावून ऐसपैस बसल्या. कुणीतरी काहीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. बाजरीच्या पिठाचा वास शेडभर झाला. गुरुसिद्धप्पांना ते सगळं ऐकू येत होतं आणि बरंही वाटत होतं, पण त्यांचा अर्धा जीव मोहोळच्या पुढे कुठेतरी होता.

उन्हं कलायच्या सुमाराला फोन वाजला. ते उभेच राहिले. दीक्षा म्हणाली, “काका, पोचले. कधीची पोचले खरं तर, पण आईला बसवून गावात चक्कर मारली, त्यात फोन करायचा राहिला. रागावू नका. गाडीने कुठंच त्रास दिला नाही.”

ते बरं झालं म्हणाले. आईला नमस्कार सांगितला. फोन खिशात ठेवला, स्कूटरची पिशवी काढली आणि पुन्हा पायरीवर येऊन बसले. नीलम्मा पिठाचे हात पुसत बाहेर आल्या.

“पोचली का?”

“पोचली. मगाशीच पोचली. कुटं थांबली न्हाय.”

“मग असं तोंड पाडून का बसलाय? चांगलंच झालं की.”

“चांगलंच झालं,” गुरुसिद्धप्पा म्हणाले. “पर एकदा तरी थांबायची होती की गं.”