साडूचा वारा

आयर्लंडमध्ये जेवढा वारा वाहतो तेवढा सगळा माझ्या धाकट्या साडूच्या मालकीचा आहे. समुद्रावरून येतो तो, डोंगरावरून उतरतो तो, आणि आमच्या दोरीवरचे कपडे शेजाऱ्यांच्या अंगणात नेऊन टाकतो तोही. ही समजूत माझी नाही, त्याची. पण आमच्या सासुरवाडीत त्याची समजूत कायद्यासारखी चालते. डब्लिनला बॉल्सब्रिजमध्ये एका अवाढव्य टेक कंपनीचं ऑफिस आहे, तिथे तो कामाला. जगभरची माणसं मोबाइलवरून फोटो नि व्हिडिओ पाठवत असतात, ते साठवणाऱ्या मोठमोठ्या इमारतींना, म्हणजे डेटा सेंटरना, लागणारी वीज पवनचक्कीवाल्यांकडून घ्यायचे करार करणं हे त्याचं काम. मी कॉर्कजवळ रिंगास्किडीत एका औषधांच्या कारखान्यात गोळ्या तपासतो. माझ्या टेबलासमोरच्या खिडकीतून धडधडीत पवनचक्क्या दिसतात. त्याच्या खिडकीतून समोरच्या हॉटेलची भिंत दिसते. तरी वारा त्याचा.

मला त्याचा हेवा वाटतो हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी जे काही वाकडं लिहीन ते वाचकांनी सांभाळून घ्यावं. तो माझ्यापेक्षा उंच आहे, त्याचे केस शाबूत आहेत, इथवर मी सोसलं होतं. पण आमचे सासरे नागपूरचे, वीज मंडळात उभी हयात काढलेले. मी बारा वर्षं त्यांचा एकुलता जावई होतो आणि त्या बारा वर्षांत त्यांनी मला ॲसिडिटीवरच्या गोळीपलीकडे काही विचारलं नाही. धाकटा आला, आणि पहिल्याच भेटीत दोघं ट्रान्सफॉर्मरवर तीन तास बोलत बसले. सासूबाईंनी दोनदा जेवायला हाक मारली तरी उठेनात. माझी दहा वर्षांची लेक, जिच्याशी मी मराठीत बोलतो आणि जी मला इथल्या हेलात इंग्रजीत उत्तर देते, तिनंही एकदा निकाल देऊन टाकला. "काका बाइज द विंड, बाबा. यू जस्ट लुक ॲट टॅब्लेट्स."

बरं, हा मनुष्य वाऱ्याचं काम ऑफिसात ठेवून घरी येईल तर शपथ. देशाच्या विजेत या घटकेला वाऱ्याचा वाटा किती आहे हे दाखवणारं एक ॲप त्याच्या मोबाइलवर असतं. आपण त्याच्याकडे गेलो की तो आधी "चहा घेणार ना?" असं विचारतो आणि मग ॲप बघतो. वारा असला तर विजेची किटली लागते. नसला तर, "दादा, तुम्हाला घाई नाहीये ना? पाऊण तासात वारा ग्रँड होईल," असं म्हणून आपल्यासमोर गार पाण्याचा ग्लास ठेवतो. इस्त्रीचंही तेच. वारा पडला की तो तसाच चुरगळलेला शर्ट घालून ऑफिसला जातो. त्याच्या कॉलरवरून हवामान कळतं असं त्याचे सहकारी म्हणतात. वादळाचा इशारा आला की सारं आयर्लंड कचऱ्याचे डबे आत घेतं, शाळांना सुट्टी मिळते आणि या गृहस्थाच्या घरी सण सुरू होतो. वॉशिंग मशीन, व्हॅक्यूम क्लीनर, मिक्सर सगळं एकदम. एका वादळात त्यानं तीन घरांना पुरेल एवढं इडलीचं पीठ वाटून ठेवलं होतं. त्याची शेजारीण, एक म्हातारी आयरिश बाई, मला म्हणाली होती की टीव्हीवरच्या हवामानापेक्षा तिचा 'युअर मॅन'च्या, म्हणजे या महाशयांच्या, व्हॅक्यूम क्लीनरवर जास्त भरवसा आहे.

गेल्या अधिक महिन्यात सासू-सासरे दोघा जावयांना एकत्र वाण द्यायचं म्हणून मुद्दाम आयर्लंडला आले. प्रत्येकी तेहतीस, म्हणजे सहासष्ट अनारसे तळायचे होते. सासूबाईंनी तांदूळ तीन दिवस भिजवून, कुटून, गूळ घालून पीठ मुरवलेलं. बेत धाकट्याकडे होता, कारण त्याचं घर मोठं आहे, हे त्याचं आणखी एक. नेमकी त्या आठवड्यात हवा अगदी पडलेली. स्वच्छ ऊन, झाडाचं पान हलेना. सगळी आयरिश जनता अर्ध्या चड्डीत लालबुंद होऊन हिंडत होती आणि माझा साडू सुतकी चेहऱ्यानं ॲप बघत होता. सासूबाईंनी कढई ठेवली तसा तो म्हणाला, "आई, चारनंतर तळूया का? चारला वारा पिकअप होतोय." घरात गॅस नाही, शेगडी विजेची. जावयाचा शब्द, त्यातून अधिक महिना. त्या माउलीनं कढई उतरवली. चार वाजले, पाच वाजले. आम्ही खिडकीतून समोरच्या झाडाकडे बघत बसलो होतो. सासऱ्यांनी तर खुर्चीच खिडकीशी ओढली. "हवा येऊन राहिली बघा जावईबापू, येऊन राहिली," असं ते त्याला धीर देत होते. मला कधी कुणी असा धीर दिला नव्हता.

तेव्हा मी वर्षभर जपून ठेवलेला प्रश्न बाहेर काढला. सासऱ्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय रे, आत्ता वारा नाही. मग तुमचं ते डेटा सेंटर या मिनिटाला कशावर चाललंय?"

"बरंचसं गॅसवर, दादा."

"पण तुमच्या ऑफिसच्या दारात तर लिहिलंय, आमची सगळी वीज वाऱ्याची."

"वर्षाची बेरीज जुळते. जेवढी वापरली तेवढी वाऱ्याची घेतली, असं. तासातासाचं नाही जुळत."

सासऱ्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "थोरल्यानं मुद्द्याचं विचारलं," ते म्हणाले. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मला पाणी प्यावं लागलं. साडूनं उठून शेगडी लावली. अनारशांना सुरेख जाळी पडली. त्यानं आपल्या ताटातले दोन कसेबसे खाल्ले.

जेवणानंतर मी ताटं घेऊन स्वयंपाकघरात गेलो. मेहुणी इथल्या भाषेत प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, डबे लावत होती. माझ्याकडे पाठ ठेवूनच ती म्हणाली, "भाऊजी, तुम्ही विचारलंत ना, तेच तो ऑफिसात वर्षभर विचारत होता. तासातासाचं खरं काय ते लिहा, म्हणून मागे लागला होता. गेल्या महिन्यात त्याला त्या टीममधून काढलं. आता ऑफिसच्या खुर्च्या, टेबलं विकत घ्यायचं काम दिलंय." मग वळून म्हणाली, "बाबांना कळू देऊ नका. त्यांना फार कौतुक आहे त्याचं."

मी ताटं धुवायला घेतली. ज्या प्रश्नानं मी एक संध्याकाळ जिंकली, तोच प्रश्न विचारून तो आपलं आवडतं काम घालवून बसला होता. मी कारखान्यात इतकी वर्षं आहे, पण वरच्यांना आवडणार नाही असा एकही प्रश्न मी कधी विचारलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सासू-सासरे आमच्याबरोबर कॉर्कला यायला निघाले. सासरे गाडीत माझ्या शेजारी बसले होते. बराच वेळ बाहेर बघून ते म्हणाले, "धाकटे जावई काही लपवून राहिले का हो? नोकरी ठीक आहे ना त्यांची?" इतकी वर्षं मी ज्या संधीची वाट बघत होतो ती अशी समोर आली. मी म्हणालो, "एकदम ठीक आहे, बाबा. त्याच्याएवढं वाऱ्यातलं त्या कंपनीत कुणाला कळत नाही." हे खरंच होतं. सासरे समाधानानं हसले आणि कॉर्क येईपर्यंत त्याचंच कौतुक करत राहिले. मी ऐकलं.

हेवा काही गेलेला नाही. उलट आता त्याला धड कारण मिळालंय. रिंगास्किडीच्या खिडकीतून पवनचक्क्या जोरात फिरताना दिसल्या की मी त्याला मेसेज करतो, 'वारा सुटलाय.' खुर्च्यांच्या मीटिंगमधून त्याचं लगेच उत्तर येतं, 'दादा, वॉशिंग लावून टाका.' मी घरी फोन करून मशीन लावायला सांगतो. चक्क्या थांबलेल्या असल्या की मी मेसेज करत नाही. त्या दिवशी तो बॉल्सब्रिजला चुरगळलेल्या शर्टात बसलेला असणार, कुणी सांगितलेलं नसताना. माझ्या शर्टाला मात्र इस्त्री असते.