आधी पांढरं दाखव

"आधी पांढरं दाखव."

कुणीही फोटो घेऊन आलं की बाईंचं पहिलं वाक्य हेच. फोटोत नवरा-नवरी असोत, जावळाचं बाळ असो नाहीतर निवडणुकीला उभा राहिलेला माणूस असो, बाई आधी चेहऱ्याकडं बघायच्याच नाहीत. कुणाची टोपी, कुणाचं धोतर, मागच्या भिंतीचा चुना, असं काहीतरी पांढरं शोधायच्या. ते पांढरंशुभ्र दिसेपर्यंत माऊस हलवायच्या आणि मग म्हणायच्या, "हां, आता माणसं बघू." एकट्या असल्या की हेच कानडीतून चालायचं. त्यांचं माहेर उमरग्याच्या पलीकडं, सीमेवरचं. "बिळी एल्ली, बिळी एल्ली," म्हणजे पांढरं कुठाय, असं पुटपुटत त्या स्क्रीनवर वाकलेल्या असायच्या.

कळंबला त्यांचा फोटो स्टुडिओ आणि माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, मध्ये एक भिंत. फोटो काढायचे त्यांचे यजमान. त्यांना सगळं गाव काका म्हणायचं. काढलेले फोटो नीट करायचं काम बाईंचं. लग्न होऊन आल्या तेव्हा त्या बारीक ब्रशनं काळ्या-पांढऱ्या फोटोंवरचे डाग झाकायच्या. पुढं रंगीत फोटो आले, मग कॉम्प्युटर आला. बाई दर वेळी नव्यानं शिकल्या, आणि कौतुक केलं तर म्हणायच्या, "न शिकून सांगू कुणाला?"

तुम्हीही असे स्टुडिओ पाहिले असतील, जिथून नवरी पिठात बुडवून काढल्यासारखी गोरी होऊन बाहेर येते. बाईंकडं ते होत नसे. एकदा एका नवरीची आई शेजारी बसून सारखी म्हणत होती, "जरा उजळ करा की ओ." बाईंनी शांतपणे विचारलं, "करते की. पण सासरी पोरगी जाणार हाय का फोटो?" आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. तो अल्बम आहे तसाच गेला.

अशा बाईंकडं एक दिवस ढोकीचा एक माणूस आला. मुलीच्या लग्नाचा अल्बम टेबलावर ठेवून भीत भीत म्हणाला, "बाई, फोटो चांगलेच हायती. पर पोरगी आजारी असल्यागत दिसती. निळी पडल्यावानी."

बाईंनी अल्बम पाहिला. "मला तर बरोबर दिसतीया," त्या म्हणाल्या. तरी त्यांनी मला हाक मारली. मी पाहिलं तर त्या माणसाचं खरं होतं. नवरीचे गाल निळसर होते आणि मामाची टोपी नीळ जास्त झालेल्या कपड्यासारखी. बाईंनी आधी फोटो छापून देणाऱ्या लॅबवर राग काढला. पण त्याच लॅबमधून आलेले दुसऱ्या स्टुडिओचे अल्बम चांगले होते. मग संशय आला मॉनिटरवर. तो जुना झालाच होता. स्क्रीनच पिवळी पडली असेल, म्हणून बाई फोटोतला पिवळा कमी करत असतील आणि कागदावर निळा उतरत असेल, असा मी हिशोब मांडला. बाईंना तो पटला. आम्ही लातूरला नवा मॉनिटर बघायला गेलो.

ती खरेदी माझ्या कायम लक्षात राहिली. बाईंनी पिशवीत तीन वस्तू घेतल्या होत्या: एक पेनड्राइव्ह, त्यातल्याच एका फोटोचा जुना, चांगला आलेला प्रिंट आणि एक धुतलेला पांढरा रुमाल. दुकानात भिंतभर मॉनिटर लावलेले. सगळ्यांवर समुद्र, पोपट आणि पळणाऱ्या मोटारी. विक्रेता मुलगा उत्साही होता. त्यानं कमानीसारखा वाकवलेला भलामोठा मॉनिटर दाखवला.

"मॅडम, हा घ्या. गेमिंगला याच्यासारखा नाही."

"मला कुणाला गोळ्या घालायच्यात?" बाई म्हणाल्या. "आधी तुमचे ते पोपट बंद करा."

मग त्यांनी आपला फोटो सगळ्या स्क्रीनवर लावायला सांगितला. दुकानात दिपवायला वाढवलेला उजेड प्रत्येकाचा कमी करायला लावला. समोरून बघितलं, मग डावीकडं सरकून, मग उजवीकडून. एका मॉनिटरवर बाजूनं बघताना साडीचा रंग फिका पडला. "ह्यो नगं. माझ्याजवळ नवरीची आई बसती, ती बाजूनंच बघती." दुसऱ्याची काच आरशासारखी चमकत होती. "ह्यात मला मीच दिसती. तोही नगं." मुलानं मग बाजूनं बघूनही रंग न बदलणाऱ्या आयपीएस पॅनलचे, बिनचमकीच्या स्क्रीनचे, रंग खात्रीचे म्हणून विकले जाणारे दोन-तीन मॉनिटर एका रांगेत मांडले. मी मान हलवली. माझ्या मनात होते तेच ते.

बाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. हातात प्रिंट. एकदा प्रिंट, एकदा स्क्रीन असं बघत गेल्या.

"हे समदेच पिवळे हायती," त्या म्हणाल्या.

मुलगा गोंधळला. मी म्हणालो, "नाही बाई. चांगले आहेत."

त्यांनी रुमाल काढून स्क्रीनजवळ धरला. मग स्क्रीनकडं नाही, रुमालाकडं बघत राहिल्या. आवाज एकदम खाली आला. "ह्यो रुमाल पिवळा पडलाय का रे?"

"पांढराशुभ्र आहे, बाई."

त्यांनी तळहातानं एक डोळा झाकला. मग दुसरा. पुन्हा पहिला. रुमाल घडी करून पिशवीत ठेवला आणि त्या मुलाला म्हणाल्या, "बाळा, तुझ्या मॉनिटरमध्ये काही खोट न्हाय. मी परत येईन." दुकानाच्या पायऱ्या उतरताना त्यांनी माझा दंड धरला. आधी कधी धरला नव्हता. खाली रस्त्यावर आल्यावर विचारलं, "इथं डोळ्याचा दवाखाना कुठाय?"

मोतीबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, डोळ्यातलं भिंग इतकं हळूहळू पिवळं होतं की माणसाला पत्ता लागत नाही. बसमध्ये बाई खिडकीशी बसून होत्या. मुरूड मागं पडल्यावर एवढंच म्हणाल्या, "म्हणजे तो ढोकीचा माणूस बरोबर होता." मला वाटलं, त्या आता काम सोडतील. डोळ्यांवर ज्यांचं सगळं उभं, त्यांना डोळ्यांनीच फसवलं होतं.

पण बाईंनी ऑपरेशन करून घेतलं, आधी एका डोळ्याचं. पट्टी निघाल्यावर माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसल्या आणि एकेक डोळा मिटून रस्ता बघायला लागल्या. लहान मुलाला नवा खेळ सापडावा तसं त्यांचं चाललं होतं.

"तुझं शटर निळं हाय व्हय रे?"

"पहिल्यापासून निळंच आहे."

"मी हिरवट समजत होते बघ," असं म्हणून स्वतःच हसल्या.

दुसरा डोळा झाल्यावर आम्ही पुन्हा लातूरला गेलो आणि त्या रांगेतलाच मधल्या आकाराचा, साधा दिसणारा मॉनिटर आणला. मी तो जोडून दिला. बाईंनी सगळ्यात आधी ढोकीच्या त्या नवरीचा फोटो उघडला. बघितला आणि माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "काय करून ठेवलंय मी पोरीचं," त्या हळूच म्हणाल्या.

मग त्यांनी त्या काळातले सगळे अल्बम पुन्हा करायला घेतले. काका समजावत होते, "अगं, एकानं सोडून कुणी तक्रार केली न्हाय. कशाला उकरून काढतीस?"

"त्यांना कळलं न्हाय म्हणून रंग बरोबर होतो का?" बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून काका जुन्या डिस्क शोधून द्यायला लागले.

नवे अल्बम घरोघरी पोचवायला मी त्यांना स्कूटीवर घेऊन जायचो. सगळ्यात आधी ढोकीच्या माणसाकडं गेलो. तो इतका अवघडला की आम्हाला जेवल्याशिवाय सोडेना. बहुतेक लोकांना आपला अल्बम का बदलतोय तेच कळत नव्हतं. बाई दोन्ही शेजारी ठेवून दाखवायच्या, चूक कुणाची तेही सांगायच्या, आणि जुना पिशवीत घालायच्या. चुकीचा रंग त्यांना कुणाच्या घरात राहू द्यायचा नव्हता.

भूमकडच्या एका वस्तीवर मात्र एक म्हातारी अल्बम सोडेना. "नवा ठिवून जावा. पर ह्यो न्हिऊ नका. ह्या पानावर आमचं मालक हायती."

नातीच्या लग्नानंतर लवकरच ते वारले होते. बाईंनी ते पान पाहिलं. फेट्यातला म्हातारा, चेहरा निळसर. "आजी, मालकांचा रंग चुकलाय माझ्याकडनं. नव्यात बरोबर केलाय."

"असू द्या. म्या रोज हेच बघती."

बाईंनी तो अल्बम दोन्ही हातांनी तिच्या मांडीवर ठेवला. परत येताना मी विचारलं तर म्हणाल्या, "तिच्याकडनं कसा वढून घ्यायचा?"

पुढं काकांचे गुडघे गेले. त्यांनी स्टुडिओ बंद केला आणि दोघं सोलापूरला मुलाकडं राहायला गेले. भिंतीपलीकडं आता मोबाइलची कव्हरं विकतात. बाई गेल्या उन्हाळ्यात वारल्या.

त्याआधी, हिवाळ्यात, माल आणायला सोलापूरला गेलो होतो तेव्हा त्यांना भेटून आलो. गॅलरीत तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. माझी मुलगी किती मोठी झाली म्हणून त्यांनी विचारलं. मी फोनवर तिचा फोटो उघडून दिला. आमच्या दारात सकाळच्या उजेडात काढलेला. त्यांनी फोन लांब धरला, जवळ आणला.

"आईवर गेलीय," त्या म्हणाल्या.

"हो. माझी बायको पण हेच म्हणते."

"तिच्या न्हाय. तुझ्या आईवर. रंग बघ की."

माझी आई मी तीन वर्षांचा असताना गेली. घरात तिचा एकच फोटो आहे, काळा-पांढरा, बाईंच्याच स्टुडिओत काढलेला. तिचा रंग कसा होता हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मला विचारायचंही सुचलं नव्हतं.

"तुम्हाला आठवतंय?" मी म्हणालो.

"न आठवायला काय झालं? फोटो काळा-पांढरा निघाला. माणूस काळं-पांढरं नव्हतं ना." त्यांनी स्क्रीनवर मुलीच्या गालाजवळ बोट नेलं, पण टेकवलं नाही. "हे बघ, नव्या गुळाचा रंग. कानापाशी जरा उजळ. अस्सा होता."

फोन माझ्या हातात देऊन त्यांनी पुन्हा शेंगा पुढं ओढल्या. मी तिथंच त्यांच्याजवळ बसून फोटो मोठा करून बघत राहिलो.