सील केलेली डबी

निवृत्त झाल्यावर बरेच गुन्हे विसरलो. हा एक मात्र अजून डोक्यातून जात नाही.

वर्धा जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी पोलीस निरीक्षक होतो. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कापसाच्या जिनिंगच्या यंत्रांचे सुटे भाग बनत. तिथल्या संगणकावर चालणाऱ्या मशीनमधले सगळे प्रोग्राम एका सकाळी गायब झाले. मालकाने तक्रार दिली. त्याच दुपारी सुपरवायझरचा फोन आला, "तीन आठवड्यांपूर्वी कामावरून काढलेल्या सेटरनं रागानं पुसले. प्रोग्राम साठवायची डबी त्याच्या घरीच आहे."

सेटर, म्हणजे मशीन कामाला लावून देणारा कारागीर, पन्नाशीचा, सिंदी मेघेत राहणारा. पंचांसमक्ष झडती घेतली. कपाटात, साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली, पंजात मावेल एवढी डबी आणि केबल सापडली. ही डबी मशीनच्या कंट्रोलरला जोडली की प्रोग्राम ओळीमागून ओळ तिच्यात उतरतात, आणि तसेच परतही भरता येतात. दाराशी गल्ली जमली होती.

"घरी काऊन ठेवली?" मी ठाण्यात विचारलं.

"डबी माझीच हाय सायेब. काढलं तवा कोणी मांगतली नाई. मी पुसलं नाई, मी तं सारं डबीत जपून ठेवलं. मशीन बंद राह्यली का तिची मेमरी एका सेलवर टिकते. सेल बदला म्हणून सुपरवायझरले तीनदा सांगतलं."

"मग सुपरवायझर खोटं बोलून राह्यला?"

तो गप्प बसला. त्या गप्प बसण्याला मी कबुलीच्या जवळची पायरी समजलो आणि आवाज चढवला. दोन दिवसांची पोलीस कोठडी मिळाली.

"केबल लावू द्या सायेब, घंट्याभरात सारं परत भरून देतो," तो म्हणत होता. मालकानेही डबी मागितली. मी नकार दिला. सील तुटलं तर पुरावा जाईल, असं मीच लेखी दिलं आणि मुद्देमाल नागपूरच्या प्रयोगशाळेत पाठवला.

चौथ्या दिवशी मशीन दुरुस्त करायला आलेल्या तंत्रज्ञाने कंट्रोलरचं झाकण उघडलं. सेल पूर्ण संपलेला होता. काम नसल्यामुळे मशीन पंधरा दिवस बंद होती, त्यात सगळं आपोआप उडालं होतं. "याले कोणी हातच लावला नाई," तो म्हणाला. सुपरवायझरला पुन्हा बोलावलं, तेव्हा त्याने मान खाली घातली. सेलची गोष्ट त्याने मालकापासून लपवली होती.

सेटर जामिनावर सुटला. प्रयोगशाळेचा अहवाल यायला मात्र कित्येक महिने गेले. तोवर प्रोग्रामवाचून मशीन बंदच राहिली, कारखान्याची कामं दुसरीकडे गेली आणि गेटला कुलूप लागलं. मी क समरी, म्हणजे गुन्हा गैरसमजातून नोंदला गेल्याचा अहवाल, पाठवली; न्यायालयाने ती मंजूर केली.

डबी घ्यायला तो ठाण्यात आला. पावतीवर सही केली आणि उभाच राहिला.

"आता भरा प्रोग्राम," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"कायच्यात भरू सायेब? मशीन भंगारात गेली." मग हळूच म्हणाला, "मले एक कागद द्या. हा मानूस चोर नाई म्हणून. कुठंच कामावर घेऊन नाई राह्यले."

तसा दाखला देण्याची तरतूद नाही, न्यायालयाच्या आदेशाची नक्कल काढा, असं मी सांगितलं. त्याने ती काढली. 'गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा' एवढंच तिच्यात होतं. कारखान्यांच्या गेटवर ती कोणी वाचली नाही. पुढे तो हमालीला जाऊ लागल्याचं कळलं.

त्याच्या घराची झडती आणि पंचनामा मी अर्ध्या तासात उरकला होता. गल्लीसमोर गेलेली अब्रू त्याच गल्लीसमोर परत कशी करायची, हे मला नोकरीत कोणी शिकवलं नाही. निदान एकदा त्याच्या दाराशी जाऊन, चार लोक ऐकतील असं, 'चूक माझी झाली' म्हणता आलं असतं. मी गेलो नाही.