गोठ्यातला वाघ

डिसेंबर लागला की मुक्ताबाईंचे पाय जड व्हायचे. थंडीने नव्हे. डहाणू-तलासरीकडे थंडी ती कसली, पहाटे शाल आणि नऊ वाजता घाम. पाय जड व्हायचे ते वर्गात शिरताना. भात झोडून झालं की वेवजी गावच्या पाड्यावरची माणसं पोराबाळांसकट वीटभट्ट्यांवर निघायची, पार वसई-भिवंडीकडे, आणि बाईंचा वर्ग म्हाताऱ्याच्या तोंडासारखा व्हायचा. इथे एक दात, तिथे एक.

बाई डहाणू रोडच्या. नवरा मोहन रेल्वेत. रोज एसटीने तलासरी, तिथून रिक्षा, मग पायी चढण. गुडघे केव्हाचेच कुरकुरत होते. "अगं, तू तिथे शिकवतेस की मेंढरं राखतेस?" असं मोहन चहा ढवळत विचारायचा. पूर्वी त्या भांडायच्या. हल्ली "जे म्हणाल ते" म्हणून डबा भरायला लागायच्या. माणूस भांडायचा थांबला की समजावं, दमला.

शाळा एका छोट्या संस्थेची होती आणि संस्थेचं काम पाहायचे सुदर्शन सर. मनाने वाईट नव्हते बिचारे, पण डहाणूच्या ऑफिसात बसून उंटावरून शेळ्या हाकायची सवय. दर वर्षी नवं खूळ. २०१७ सालच्या डिसेंबरात खूळ निघालं ते 'निसर्ग नाताळ'. मुलांनी रानातल्या वस्तूंपासून नाताळची सजावट करायची, येशूच्या जन्माचा गोठा मांडायचा आणि त्या निमित्ताने आपल्या रानातले प्राणीपक्षी शिकायचे. थर्माकोल नको, चमकी नको. झाडावरचं काही तोडायचं नाही, पडलेलं तेवढंच वेचायचं. आणि गोठ्यात प्राणी ठेवायचे ते मुलांनी अभ्यासलेलेच. मुंबईचे पाहुणे बघायला येणार होते.

बाईंनी कपाळाला हात लावला आणि कामाला लागल्या. डहाणूच्या किनाऱ्यावरून सुरूची बोंडं पिशवी भरून आणली. मुलांना रानात नेलं. बेहड्याच्या बिया, सागाची वाळकी पानं, गळलेली पिसं असं बरंच जमलं. वाटेत मुंगसाचं बीळ दिसलं, सशाच्या लेंड्या दिसल्या, बांधावरच्या ओल्या मातीत बिबट्याचं पाऊलही दिसलं. पोरं मुळीच घाबरली नाहीत. "वाघ गेला इकडून," एवढंच म्हणाली. पाड्यावर बिबट्यालाही वाघच म्हणतात.

या पोरांत तानी होती. हजेरीत तिसरीला, अक्षरांत पहिलीला. दर वर्षी डिसेंबरपर्यंत काना-वेलांटीला पोचायची, मग आईबापांबरोबर भट्टीवर जायची आणि जूनमध्ये परत यायची ती पाटी कोरी करून. ये रे माझ्या मागल्या. या वर्षी मात्र तिची आई पुष्पा दिवाळीनंतर बाळंत झाली, म्हणून घर मागे राहिलं होतं. तानी काना-वेलांटी ओलांडून जोडाक्षरांत शिरली होती. परवाच तिने फळ्यावरचं 'बिबट्या' एका दमात वाचलं, तेव्हा बाईंना उगाच भरून आलं. त्या तडक पुष्पाच्या घरी गेल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही जा, पण पोरीला डोकरीपाशी ठेव. एवढं एक वर्ष मला दे." डोकरी म्हणजे तानीची आजी. पुष्पाने मान हलवली. त्या मान हलवण्यात 'हो' होतं की 'बाई, आता जा' होतं, हे बाईंनी मुद्दामच विचारलं नाही.

गोठ्याची गोष्ट सांगायचा दिवस आला. बाई सांगत होत्या, बाळाचे आईबाप गाव सोडून लांब गेले, राहायला जागा मिळेना, मग गोठ्यातच बाळ झालं. एरवी गोष्टीत नको तिथे तोंड घालणारी पोरं गप्प ऐकत होती. त्यांना यात नवल काहीच नव्हतं.

"भट्टीवर पण अशीच झोपडी असते," चैत्या म्हणाला. हा वर्गातला सगळ्यात बोलका.

"रात्री बाळाला कोण राखत होतं?" तानीने विचारलं.

"मेंढ्या होत्या की. मेंढपाळ होते."

"मेंढी काय राखणार?" चैत्या म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तानीने शेतातल्या मातीचा वाघ करून आणला. हातभर ऐट, वीतभर अंग. पट्टे तांदळाच्या पिठाचे, डोळ्यांना गुंजा. बिबट्याला पट्टे नसतात, ठिपके असतात, हे बाईंनी आठवडाभर शिकवलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी. "हा रानातला नाय, बाई," तानी समजावून म्हणाली, "हा आपला शिवेवरचा." पाड्याच्या शिवेवर शेंदूर लावलेला वाघदेव आहे, दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याला नैवेद्य असतो, आणि माणसांची, गुरांची राखण तोच करतो. तानीने वाघ थेट बाळाच्या उशाशी ठेवला, तोंड दाराकडे करून.

सुदर्शन सर पाहणीला आले आणि गोठ्यापाशी थबकले. सागाच्या पानांचं छप्पर आवडलं, पोरांनी सुरूच्या बोंडांचं केलेलं पिंगळा घुबड फारच आवडलं. मग म्हणाले, "मुक्ताबाई, गोठ्यात वाघ? लोक हसतील हो. काढा तो. आणि आपल्याकडे पट्टेवाला आहे कुठे?"

एरवी बाईंनी "बरं सर" म्हणून विषय संपवला असता. दमलेल्या माणसाला तेच सोपं पडतं. पण त्या दिवशी कुठून बळ आलं कोण जाणे. "सर, प्राणी मुलांच्या ओळखीचाच हवा, हे तुम्हीच सांगितलंत. यांच्या ओळखीचा राखणदार हाच. तो निघाला तर गोठाही निघेल." "बरं, राहू द्या," सर म्हणाले. घरी जाताना एसटीत बाईंना स्वतःचंच हसू आलं. मातीच्या वाघापायी नोकरीवर पाणी सोडायला निघालो होतो आपण.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तानी शाळेत आली नाही. दुपारी पोरांना सजावटीच्या चांदण्या दोऱ्यात ओवायला बसवून त्या पाड्यावर गेल्या. रस्त्याच्या कडेला टेम्पो उभा होता. भांडी, घोंगड्या, कोंबडीचं खुराडं वर चढत होतं. पुष्पा बाळाला झोळीत बांधत होती.

"पुष्पा, तू मला शब्द दिला होतास."

"दिला होता, बाई." पुष्पाने नजर चुकवली नाही. "पण मी विटांच्या चिखलात हात घातला की याला कोण बघल? डोकरीला दिसत नाय. तिथं आग असते, गाड्या असतात. मागच्या साली शेजारणीचं पोर रांगत गेलं भट्टीकडं. माझ्या बाळाला राखायला तानीशिवाय हाय कोण?"

बाई बोलायला आल्या होत्या पुष्कळ. शिक्षणाचं सांगायचं होतं, जोडाक्षरांचं सांगायचं होतं. पण आला तो राग, तोही पुष्पाचा नाही. आपण पुन्हा एकदा आस लावून बसलो, त्या आपल्या खुळेपणाचा आला. तानी खुराड्याशेजारी बसली होती. रडत नव्हती. रडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं.

"बाई," ती म्हणाली, "माझा वाघ शाळेत राहिला."

तेव्हा मुक्ताबाई वळल्या. त्या दुखऱ्या गुडघ्यांनी चढण चढून शाळेत आल्या, बाळाच्या उशाचा वाघ उचलला, पदरात घेतला आणि पुन्हा खाली उतरल्या. टेम्पोवाला हॉर्न मारत होता. पुष्पाने त्याला थोपवून धरलं होतं. बाईंनी वाघ तानीच्या हातात दिला. तिने तो झोळीत बाळाच्या डोक्याशी ठेवला, तोंड बाहेर करून.

"पाटी घेतलीस का गं?" बाईंनी विचारलं. तानीने मान हलवली. आईसारखीच. टेम्पो सुटला आणि बाई धूळ खाली बसेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. कौतुक झालं, खाऊ वाटला गेला. चैत्याने मुंगसाची माहिती न चुकता सांगितली. सगळे गोठ्यापाशी वाकून बघत असताना सुदर्शन सरांनी हळूच विचारलं, "बाई, वाघ कुठे गेला? एवढ्या भांडलात त्याच्यासाठी."

"कामाला गेला, सर."

"म्हणजे?"

"भट्टीवर. बाळ राखायला."

सरांनी चष्मा काढून पुसला. तेवढ्यात पाहुण्यांना मुलांसोबत फोटो हवा झाला. मुक्ताबाईंनी उरलेल्या पोरांना गोठ्यामागे उभं केलं, जरा लांब लांब, वर्ग भरलेला दिसावा म्हणून.