ज्वारीनं मोजलेला आवाज

मंडळी, दुपारपासून अंगावरचा काटा जात न्हाई.

नांदेडात वाजिदभाईंच्या गॅरेजात मी गाडीचे फायबरचे स्पीकर बॉक्स बनवायला शिकून राहिलो. आज डिकीच्या कोपऱ्यात बसणारा माझा पहिला बॉक्स तयार झाला, लई वेडावाकडा. आत जागा किती, ते टेपनं मोजताच येईना.

वाजिदभाई म्हणाले, "ज्वारी आण."

मी हसलो, पण आणली. त्यांनी स्पीकरच्या भोकातून बॉक्स काठोकाठ भरला. मग तीच ज्वारी लिटरच्या मापानं मोजली. "पंचवीस पाहिजे, तीस भरली. आत लाकडाचे तुकडे चिकटव. जागा जास्त झाली की आवाज ढिला पडतो."

चिकटवले, स्पीकर बसवला. पहिला ठोका थेट छातीत घुमला.

लहानपणी माय ज्वारी मोजायला बोलवायची, तवा मी पळून जायचो. तुमी कशापासून पळालात, जे पुढं कामी आलं?